ग्राम आरोग्य समितीने धूर सोडण्याचे यंत्र घ्यावे की आणखी काही?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातील १,८०० लोकवस्तीच्या गावाचे नवे ग्रामपंचायत सदस्य आहात आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे अध्यक्षपद तुमच्याकडे आले आहे. समितीच्या खात्यात दहा हजारांच्या आसपास रक्कम आहे, आणि मागील दोन्ही पावसाळ्यांत गावात हगवणीची साथ येऊन गेल्यामुळे लोक ‘काहीतरी करा’ म्हणून मागे लागले आहेत. सरपंच धूर सोडण्याचे यंत्र घ्या म्हणतात, सचिव असलेल्या आशाताई वजनकाटा आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र सुचवतात, आणि यांपैकी काय घ्यावे असे तुम्ही विचारता.

मला वाटते, खरी अडचण खरेदीची नाही. दोन पावसाळे लोक आजारी पडले, पण कोणत्या गल्लीत, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या नळाचे पाणी पिऊन, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. बहुधा ते समितीलाही ठाऊक नसावे. हगवण पाण्यातून आणि अस्वच्छ हातांतून पसरते, धुराने मरतो तो उडता डास. तेव्हा यंत्र घेतले तरी तिसऱ्या पावसाळ्यात तुम्ही याच जागी उभे असाल.

मी आरोग्य सेवक म्हणून नोकरीस लागलो आणि आरोग्य पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एकतीस वर्षे गेली, आणि या समित्या २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी स्थापन होताना, आणि पुढे त्यांतील बऱ्याच कागदावर उरताना मी पाहिल्या आहेत. पुढे लिहितो ते त्या अनुभवावरून.

काही गोष्टी तुमच्या गावाच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. तुमचे गाव नळयोजनेचे पाणी पिते की विहिरीचे, टाकी भरून पाणी सोडतात की बोअरवरून थेट, यावर कामाची पद्धत बदलते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या काही तालुक्यांत, मूळ प्रश्न पाण्यातील क्षारांचा आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडते. क्षार काय किंवा फ्लोराइड काय, पाणी उकळून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून जात नाही. त्यासाठी पाण्याचा उद्भवच बदलावा लागतो किंवा शुद्धीकरण संयंत्र लागते, आणि हा समितीच्या आवाक्यातला विषय नाही. गडचिरोलीत असता तर मी हिवतापापासून सुरुवात करा म्हटले असते. तुमच्याकडे दोन पावसाळे हगवण झाली आहे, म्हणून मी पाण्यापासून सुरुवात करतो.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यात चूक माझीच होती. जुलै महिना होता, दोन दिवसांची झड नुकतीच उघडली होती आणि एका गावातून चार दिवसांत एकोणीस रुग्ण केंद्रात आले. मी गावात गेलो, टाकीच्या पाण्याची ओटी चाचणी, म्हणजे थेंब टाकून पाण्यातील क्लोरीन बघण्याची चाचणी केली, पाणी चांगले पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन होते. तरीही साथ आहे म्हणून मी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पावडर दुप्पट करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी टाकीजवळच्या घरांनी ‘पाण्याला औषधाचा वास येते’ म्हणून ते पाणी सांडून दिले आणि पांदणीच्या कडेच्या जुन्या विहिरीवरून गुंड, म्हणजे हंडे, भरून आणले. रुग्ण कमी तर झालेच नाहीत, उलट नव्या गल्लीतून दोघे आले.

मग आमच्या आरोग्य सेविका ताईंनी सुचवले म्हणून आम्ही रुग्ण नोंदवहीतील नावे घेऊन बसलो आणि कागदावर गावाचा कच्चा नकाशा काढून प्रत्येक रुग्णाच्या घरावर खूण केली. एकोणीसपैकी चौदा खुणा नाल्यापलीकडच्या एकाच गल्लीत पडल्या, आणि ही गल्ली नळाच्या लाइनच्या शेवटच्या टोकाला होती. तिथल्या नळाला ओटी चाचणी केली तेव्हा पाण्याला रंगच आला नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. शेवटच्या टोकाला दाब कमी, म्हणून लोकांनी अंगणात कमरेएवढे खड्डे खणून त्यात नळ खाली उतरवले होते आणि तोट्या काढून टाकल्या होत्या. पाणी बंद झाले की लाइन रिकामी होताना खड्ड्यात साचलेले नालीचे आणि पावसाचे पाणी नळावाटे आत ओढले जाई, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेला तेच पाणी घरात येई. वरच्या गल्लीतील तिघांनी नळाचे पाणी ओढायला लावलेल्या छोट्या टिल्लू पंपांनी ही ओढ आणखी वाढवली होती. टाकीत कितीही पावडर ओतली असती तरी या खड्ड्यांपर्यंत ती पुरली नसती.

उपाय साधा निघाला. गावाचे दोन भाग करून व्हॉल्व्हने आळीपाळीने पाणी सोडायचे ठरले, त्यामुळे शेवटच्या गल्लीला दाब मिळू लागला. खड्डे बुजवले, नळ जमिनीच्या वर आणले आणि समितीच्या पैशांतून तोट्या आणल्या. टिल्लू पंप काढायला मात्र ग्रामसभा आणि दोन भांडणे लागली.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की समितीने दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी, पाणी सुटले असताना, तीन ठिकाणी ओटी चाचणी करावी: टाकीजवळचा पहिला नळ, गावाच्या मध्यावरचा एखादा, आणि लाइनच्या अगदी शेवटचा. चाचणीचे द्रावण प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागून घ्या. काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की लगेच येणारा पिवळा रंग बघायचा. पाच-दहा मिनिटांनी उशिरा चढणाऱ्या रंगावर विसंबायचे नाही, कारण मोकळ्या क्लोरीनचा रंग पहिल्या काही सेकंदांतच दिसतो. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावे आणि साथीच्या दिवसांत ०.५ पर्यंत असावे, असा हिशोब आहे. तपासलेले पाणी ओतून द्यायचे, ते प्यायचे नाही आणि द्रावणाची बाटली मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून, काढा. त्यांतील निदान दोघी तरी हे काम आनंदाने करतात असा माझा अनुभव आहे, कारण प्रशिक्षणानंतर त्यांना पुन्हा कोणी काही विचारलेलेच नसते.

ब्लीचिंग पावडरीविषयी, म्हणजे आपण जिला टीसीएल म्हणतो तिच्याविषयी, थोडे विस्ताराने लिहितो, कारण गावातील निम्मी चूक इथे असते. ताज्या, चांगल्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. पोते उघडे राहिले, भिंतीला टेकून ओलसर झाले किंवा उन्हाने तापले की ते उडून जाते आणि मागे उरतो तो चुना. दिसायला दोन्ही पांढरेच. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर आम्ही निकृष्ट धरत असू, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेले पोते जूनपर्यंत कोणत्या अवस्थेत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. पोते आल्याची तारीख त्यावर जाड पेनाने लिहून ठेवावी, पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये काढून अंधाऱ्या, कोरड्या जागी लाकडी फळीवर ठेवावी, आणि आरोग्य सेवकांमार्फत नमुना तपासणीला पाठवावा. वर्षाची पावडर एकदम घेण्यात बचत आहे असे कोणी म्हणाले तर ऐकू नका; तीन महिन्यांना पुरेल एवढीच घ्या.

प्रमाणाचा हिशोब असा. चांगल्या पावडरीचे सुमारे २.५ ग्रॅम १,००० लिटर स्वच्छ पाण्याला पुरतात. पन्नास हजार लिटरची टाकी असेल तर १२५ ग्रॅम. विहीर असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, म्हणजे घनमीटर येतात आणि त्याला हजाराने गुणले की लिटर. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत साधारण २८,००० लिटर पाणी असते, तिला ७० ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ असेल किंवा पावडर जुनी असेल तर हे प्रमाण वाढवावे लागते. किती, ते शेवटच्या नळाचा रंग बघूनच ठरवायचे, पुस्तकावरून ठरत नाही. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग बादली भरायची, पाच-दहा मिनिटे निवळू द्यायची आणि वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत किंवा विहिरीत सोडायचे. खालचा चुना टाकीत जाऊ देऊ नका. त्यानंतर एक तास पाणी वापरायचे नाही. हा तास पाळला जात नाही हे मला ठाऊक आहे, कारण सकाळी शेतावर जाण्याची घाई असते. म्हणून आदल्या रात्री टाकी भरून पावडर टाकण्याची सवय लावलेली बरी.

हे सगळे ज्याच्या हातून व्हायचे तो पाणी सोडणारा माणूस बहुधा गावातील सर्वांत कमी मानधनाचा कर्मचारी असतो आणि ते मानधनही वेळेवर मिळत नाही. बैठकीत त्याला उभे करून जाब विचारण्याआधी त्याचे किती महिन्यांचे मानधन थकले आहे ते विचारा. त्याच्याजवळ ग्रॅम मोजणारे माप नसते, तो ओंजळीने पावडर टाकतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे मला कधी जमले नाही. एक छोटा किचन काटा त्याला घेऊन द्या.

आता पैशांचे. समितीचा निधी प्रत्येक महसुली गावासाठी वर्षाला साधारण दहा हजार रुपयांचा असतो, तो अबंधित, म्हणजे कशावर खर्चायचा हे बांधून न दिलेला, असला तरी वेळेवर येईलच असे नाही, आणि खर्च समितीच्या ठरावानेच करायचा असतो. भरवशाचे धूर सोडण्याचे यंत्र या रकमेत येत नाही. आले तरी कीटकनाशक, इंधन आणि शिकलेला माणूस कुठून आणाल? जिल्ह्याच्या हिवताप विभागाकडे ही यंत्रे असतात आणि डेंग्यूचा उद्रेक झाला तर ती मागवता येतात. वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र अंगणवाडीत आणि उपकेंद्रात असायलाच हवे. नसेल तर तुमच्या लेटरहेडवर लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या, समितीच्या तुटपुंज्या पैशांतून शासनाची वस्तू विकत घेऊ नका. आशाताई यावर नाराज होतील, त्यांना तो मागणीचा कागद दाखवा. माझ्या मते या वर्षीचा निधी ओटी द्रावण, तोट्या, दोन ड्रम, काटा, गळक्या व्हॉल्व्हच्या चेंबरला झाकण यांवर खर्च करावा, आणि दोनएक हजार रुपये रात्री-बेरात्री गरीब घरातील बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रुग्ण हलवावा लागला तर हाताशी ठेवावेत. पाइपलाइन बदलणे किंवा नाली बांधणे अशी मोठी कामे वित्त आयोगाच्या अनुदानातील बंधित भागातून होतात, जो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा असतो. तो ग्रामपंचायतीच्या हाती आहे आणि तुम्ही सदस्य आहात, म्हणजे हे काम आराखड्यात घालण्याची मागणी तुम्हीच ग्रामसभेत करू शकता. तेव्हा शेवटच्या नळाच्या दहा आठवड्यांच्या नोंदी हातात असल्या की कोणी ‘उगाच काढलेला विषय’ म्हणू शकत नाही.

डासांचा प्रश्न मी झटकून टाकत नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला, म्हणजे साठवलेले पाणी ओतून भांडी कोरडी केली, की त्याची साखळी तुटते. आपल्याकडे याची सर्वांत मोठी पैदास कूलरमध्ये होते. पहिला पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण त्यातील पाणी आणि ओले गवत महिनाभर तसेच राहते. नुसते पाणी फेकूनही भागत नाही, कारण अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पुढच्या वर्षी पाणी भरताच फुटतात. टाकी घासूनच ठेवावी लागते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक रविवार ठरवून शाळेतील मुलांना घेऊन घरोघरी कूलर घासण्याची मोहीम काढा. मुले आजोबांनासुद्धा ऐकत नाहीत आणि उलट आजोबांकडून घासून घेतात, हे मी पाहिले आहे. शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी आणि न उपसता येणाऱ्या डबक्यांत गप्पी मासे, एवढे त्याच्याबरोबर करता येईल.

साथ कधी समजायची, हा तुम्ही न विचारलेला, पण महत्त्वाचा प्रश्न आहे. सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण ३०,००० लोकसंख्या आणि उपकेंद्राकडे ५,००० असते, त्यामुळे आरोग्य सेवक तुमच्या गावात रोज येऊ शकत नाहीत आणि पहिली चाहूल गावालाच लागायला हवी. माझा ठोकताळा असा होता की एका गल्लीत एकाच दिवशी दोन घरांत जुलाब लागले, किंवा पाच वर्षांवरील कोणालाही जुलाबामुळे सलाइन लावण्याची पाळी आली, तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करायचा, तिसऱ्या रुग्णाची वाट बघायची नाही. रुग्ण खाजगी डॉक्टरांकडे गेले म्हणून नोंद चुकते, तेव्हा त्यांनाही सांगून ठेवा. प्रतिजैविक सुरू होण्याआधी शौचाचा नमुना घेतला तर प्रयोगशाळेला काही सापडते, नंतर सहसा नाही. तोवर घरोघरी ओआरएस, एक पाकीट एक लिटर पाण्यात, आणि लहान मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आशाताईंकडे दोन्ही असतात. साठा संपला असेल तर तो जूनच्या आधी भरून घेणे हे तुमचे काम.

बैठकीविषयी थोडेसे. महिन्याला एकदा अंगणवाडीत ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस होतो, त्याच दिवशी दुपारी बैठक ठेवा, म्हणजे आरोग्य सेविका, आशा आणि अंगणवाडी सेविका तिघीही वेगळे न बोलावता हजर असतात. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असे लिहू नका. तीन नळांचे तीन आकडे, महिन्यातील जुलाबाचे आणि तापाचे रुग्ण गल्लीनिहाय, कोणाला काय सांगितले आणि मागील महिन्याचे सांगितलेले झाले की नाही, एवढे पुरे. गावाला वर्षातून दोनदा होणाऱ्या पाणी स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात कोणते कार्ड मिळाले आहे, लाल, पिवळे की हिरवे, तेही पहिल्याच बैठकीत विचारा आणि लाल किंवा पिवळे असेल तर कोणत्या कारणांनी, ते सर्वेक्षणाच्या कागदावरून उतरवून घ्या. ती कारणांची यादी म्हणजे तुमचे अर्धे वर्षाचे काम आयते लिहून मिळाल्यासारखे आहे.

आणखी एक. तुमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कोलामांचा पोड किंवा पारध्यांचा बेडा, म्हणजे या आदिवासी समाजांची वेगळी वस्ती असेल, तर त्यांचा नळ बहुधा शेवटचाही नसतो, तिथे नळच नसतो आणि पाणी झिऱ्याचे किंवा उघड्या विहिरीचे असते. समितीत तिथले कोणी आहे का ते यादीत बघा. नसेल तर ग्रामसभेतून एक बाई घ्या, आणि आठवड्याच्या तपासणीला तिचे घर चौथे ठिकाण म्हणून जोडा. चाचणीसाठी तिथे जाल तेव्हा विहिरीला कठडा आहे का आणि विहिरीपासून सर्वांत जवळचे शौचालय किती अंतरावर आहे, हे पावलांनी मोजून वहीत लिहून आणा.